आरती राहिलेलं कीर्तन

देवापुढे आत्ताच दिवा लावला आहे. त्या दिव्याच्या साक्षीने हे लिहिते आहे. खोटं लिहायची माझी छाती नाही.

ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. आमच्या नात्यातलेही काही जण हसले होते.

आता हसत नाहीत.

ही हकिकत ग्वाल्हेरची. लश्करमधल्या नई सडकेवर एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथली. साल २००१. गुढीपाडव्याची संध्याकाळ.

रात्र नव्हे, बरं का. खाली बाजार भरात होता. सायकली, हातगाड्या, बत्ताशेवाल्याची हाक, सगळं होतं. दिवे नुकतेच लागले होते.

तेव्हा हे सुरू झालं.

त्या खोल्यांत माझी धाकटी बहीण शामला आणि तिचे यजमान मुकुंदराव राहत. मूलबाळ नव्हतं. मुकुंदराव सरकारी खात्यात होते, पण त्यांचा जीव कीर्तनात. नारदीय कीर्तन करत. अंगावर उपरणं, हातात झांज, आणि गळा असा की ऐकणाऱ्याचं पाणी पाणी व्हावं. शामला पेटीवर साथीला. तिने भाता हलवला की हे उभे राहायचे, आणि मग आरती होईपर्यंत बसणं नाही.

मी तर कीर्तनवेडीच. आईने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, कीर्तनातून आरतीआधी उठू नये. ताप असो, पाऊस असो, घरी पाहुणे येवोत. मी कधीच उठले नाही.

आमच्या घराण्याचं एक दुर्दैव आहे. नकाशा बदलला की घरातलं एक ताट कमी होतं. संस्थान विलीन झालं तेव्हा आजोबांचं दफ्तर इंदूरला गेलं, आजोबाही गेले. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, वडिलांना भोपाळला जावं लागलं. मग २००० साली राज्य पुन्हा तुटलं. छत्तीसगढ वेगळं निघालं.

आणि मुकुंदरावांच्या नावापुढे रायपूर लागलं.

शामलाला सोबत नेण्यासारखं तिकडे काही नव्हतं. राहायला एका खोलीत चौघे. पाडव्यापर्यंत बदली परत करून घेतो म्हणाले. तोवर रोज बोलता यावं म्हणून त्यांनी घरात कंप्यूटर आणला. फौजेतून निवृत्त झालेले त्यांचे मित्र महिपतराव बाजारातल्या महाराज बाडा चौकात कंप्यूटरचं दुकान चालवत. त्यांच्याकडूनच घेतला. फोनच्या तारेवरून इंटरनेट. लावताना असा किंचाळायचा की खालचा दुकानदार जिन्यातून विचारायचा, क्या हुआ भाभी?

महिपतरावांनी त्यात एक फायरवॉल घालून दिली. शामला तिला चौकीदार म्हणायची. काम सोपं होतं. कंप्यूटरमधला कुठलाही प्रोग्रॅम तारेवरून बाहेर जाऊ लागला, की पडद्यावर एक लहानशी चौकट उगवायची. त्यात प्रोग्रॅमचं नाव. खाली प्रश्न, ह्याला बाहेर जाऊ द्यायचं का? हो किंवा नाही. आणि त्याखाली एक बारीकसा चौकोन. त्यात खूण केली, की चौकीदार उत्तर कायमचं लक्षात ठेवायचा. पुन्हा विचारायचा नाही.

मुकुंदरावांनी जाण्यापूर्वी तिला बसवून शिकवलं. ओळखीचं नाव दिसलं तर हो. नाहीतर नाही.

"आणि शंका आली तर?" तिने विचारलं.

"शंका आली तर नाहीच. तुझा स्वभावच तो आहे, शिकवायला नको," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

जायच्या दिवशी संध्याकाळी घरीच कीर्तन ठेवलं. दहा-पंधरा माणसं. मुकुंदरावांनी कंप्यूटरला माइक जोडला. मी तिकडे असताना ऐकत जा, म्हणाले शामलाला. पूर्वरंग सुरेख झाला. मी त्यांना हार घातला, बुक्का लावला. आख्यान सुरू झालं. देव भक्ताला न्यायला स्वतः दारात आला आहे, असा प्रसंग रंगला होता. मुकुंदराव झांज छातीशी धरून म्हणाले,

"देव दारात उभा आहे. म्हणतो, चल. आणि भक्त म्हणतो..."

बत्ती गेली.

कंप्यूटर बंद. पंखा बंद. नई सडक काळीकुट्ट.

आता कीर्तनाला वीज कशाला हवी? समई होतीच. पण मुकुंदराव थांबले. रेकॉर्डिंग अर्धवट राहील, बत्ती आली की इथूनच उचलू, म्हणाले. आम्ही बसून राहिलो. ते उभे.

बत्ती आलीच नाही. गाडीची वेळ झाली. उपरणं काढून ते सामान उचलू लागले. मी म्हटलं, निदान आरती तरी. ते म्हणाले, "ताई, आख्यान संपल्याशिवाय आरती कशी? परत येतो तेव्हा पुरं करू."

यंत्रासाठी कीर्तन थांबलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुढे बत्ती आल्यावर महिपतरावांनी कंप्यूटर उघडून पाहिला. रेकॉर्डिंग नव्हतंच. सेव्ह व्हायच्या आत बंद पडला, सगळं गेलं, म्हणाले. एक शब्दही आत राहिला नव्हता.

हे लक्षात ठेवा.

हिवाळाभर रोज दिवेलागणीला रायपूरहून ई-मेल यायची. शामला दिवा लावून, हात पुसून कंप्यूटरपाशी बसायची. तिकडचं जेवण, तिकडचे डास, बदलीचे कागद कुठवर आले ते. शेवटी रोज एकच ओळ, पाडव्याला येतो.

फाल्गुनात त्यांना ताप आला. तिकडच्या मंडळींनी फोन केला, पण शामला त्या वेळी इंटरनेटवर त्यांच्याच मेलची वाट पाहत बसलेली. लाइन गुंतलेली. निरोप माझ्याकडे आला. आम्ही निघालो. पोचलो तेव्हा पायावर डोकं ठेवण्यापुरतंच उरलं होतं.

पाडव्याला त्या घरी गुढी उभारली नाही. मी शामलाला जेवायला घालायला म्हणून गेले होते. संध्याकाळी तिने दिवा लावला, हात पुसले आणि कंप्यूटर सुरू केला.

सवय असते माणसाची.

यंत्र किंचाळलं. जोडलं गेलं. आणि पडद्यावर...

चौकीदाराची चौकट आली.

नावाची जागा रिकामी होती. खाली प्रश्न. ह्याला बाहेर जाऊ द्यायचं का?

"कोण आहे बाई हा बिननावाचा," शामला पुटपुटली. "दिवेलागणीला कुणी घराबाहेर पडतं का?"

आमच्यात पाळतात तसं. दिवा लावल्यावर लक्ष्मी घरात येते, तेव्हा कुणी उंबरा ओलांडू नये. तिने नाही दाबलं. पुन्हा पुन्हा छळू नये म्हणून त्या बारीक चौकोनात खूणही केली.

चौकट गेली.

आणि खोलीत बुक्क्याचा वास आला...

मी देवघराकडे पाहिलं. बुक्क्याची डबी बंद होती. सुतकापासून कुणी उघडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळेला गेले. चौकट पुन्हा आली. चौकीदाराला कायमचं सांगितलेलं असूनही. शामलाने पुन्हा नाही म्हटलं. कंप्यूटरला दोन लहान स्पीकर होते, त्यांतून खरखर आली. मग...

झांज.

अगदी हलकी. लांबच्या गल्लीत वाजावी तशी.

मी उठले. वायर पाहावी म्हणून टेबलापुढे गेले. पायांत चपला नव्हत्या. फरशी गारच होती, पण एका जागी पावलाखाली ऊब लागली. शेजारी तशीच दुसरी. दोन पावलांएवढी जागा, ऊन ऊन. तासन्‌तास कुणी उभं राहावं तशी.

कीर्तनाच्या दिवशी मुकुंदराव तिथेच उभे होते.

मी महिपतरावांना बोलावलं. फौजी माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही. व्हायरस असेल हो ताई, टेन्शन नका घेऊ, असं म्हणत जिना चढले. चौकट आली तेव्हा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. नाव नसलेला प्रोग्रॅम नसतोच, म्हणाले. शामलाने घाबरून विचारलं, बाहेरून कुणी घुसू बघतंय का.

महिपतरावांनी चष्मा काढला.

"बाहेरून कोई नहीं आ रहा, वहिनी. आतलंच कुणीतरी बाहेर जायचं म्हणतंय."

त्यांनी चहा घेतला नाही. निघून गेले.

मी रात्रभर तळमळले. सकाळी देवळात जाऊन आले आणि तडक शामलाकडे. म्हटलं, आज चौकट आली की हो म्हण. अडकला आहे गं जीव. त्याला गती मिळू दे.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ताई."

"मग?"

"एकदा जाऊ दिलं होतं ना. आले का परत?"

मी देवाधर्माचं सांगू लागले. ती म्हणाली, "तुझं माणूस रोज ऑफिसातून घरी येतं. तू त्याला जाऊ दे, मग मला सांग."

मी तिच्याबरोबर तांदूळ निवडायला बसले.

त्या संध्याकाळी तिने माझ्यादेखत नाही दाबलं. खूण केली. बोट ठेवूनच बसली, कितीतरी वेळ.

त्यानंतर चौकट आली नाही.

त्याऐवजी आवाज आला...

स्वच्छ. त्यांचाच. "देव दारात उभा आहे. म्हणतो, चल. आणि भक्त म्हणतो..."

तिथे थांबला. श्वास ऐकू आला. मग पुन्हा पहिल्यापासून, नमनापासून कीर्तन सुरू झालं. जे रेकॉर्डिंग कधी झालंच नव्हतं, ते.

खरं सांगते, पहिले काही दिवस मलाही गोड वाटलं. शामला तर फुलली होती. संध्याकाळी केसांना तेल लावून बसायची. पेटी मात्र उघडत नव्हती. ती म्हणायची, साथीला बसले तर रडू येईल.

मी बसून ऐकायची. पूर्वरंग, आख्यान, देव दारात, आणि भक्त म्हणतो... पुन्हा नमन. आरतीची वेळ येतच नव्हती. मला उठताही येईना. नवरा न्यायला यायचा तेव्हा तेवढं ऐकू येणं थांबायचं. त्याला काहीच ऐकू यायचं नाही. तुम्ही दोघी गप्प बसून असता काय नुसत्या, म्हणायचा.

पावसाळा आला तोवर आवाज बसायला लागला.

आधी वरचा सूर लागेना. मग शब्दांच्या मध्ये श्वास लागू लागला. उभ्याने किती काळ गाणार माणूस? साथ नाही, सुराला आधार नाही. शामलाने त्या ऊन जागेशी खुर्ची आणून ठेवली. बसा आता, म्हणाली. सकाळी पाहिलं तर...

खुर्ची भिंतीला लावलेली होती.

आरतीआधी कीर्तनकार बसत नाही. त्यांना ते कुणी सांगायला नको होतं.

आवाज पुढे पुढे इतका थकला की ऐकवेना. "देव दारात" म्हणताना घरघर लागायची. विनवणी वाटायची ती. एका संध्याकाळी शामला माझ्या दारात आली. अनवाणी. नई सडकेवरून आमच्या टोपी बाजारापर्यंत तशीच चालत आली होती.

"ताई, त्यांना जाऊ दे गं. माझ्याने बघवत नाही."

आम्ही दोघी लगोलग गेलो. कंप्यूटर लावला. चौकटीची वाट पाहिली.

चौकट येईना. त्या शेवटच्या संध्याकाळचं, बोट दाबून धरलेलं नाही कायमचं ठरलं होतं ना.

महिपतराव पुन्हा आले. आता त्यांच्या तोंडी थट्टा नव्हती. त्यांनी चौकीदाराचे सगळे नियम उघडले. कुणाला हो, कुणाला नाही, ओळीने मांडलेले. सगळ्यांत खाली एक ओळ बिननावाची. पुढे, नाही, नेहमी. त्यांनी ती पुसली. कंप्यूटर बंद करून परत लावला.

ओळ जागेवर होती.

पुन्हा पुसली. पुन्हा आली. महिपतराव घामाघूम. शेवटी म्हणाले, नियम जात नाही तर चौकीदारालाच काढून टाकतो. ना रहेगा बाँस. आम्हालाही ते पटलं. अडवणाराच नसला की वाट मोकळी.

त्यांनी फायरवॉल काढून टाकली. आम्ही तिघं श्वास धरून बसलो.

स्पीकरमधून खरखर आली. मग तो थकलेला श्वास. आणि नमन...

शामला मोठ्याने म्हणाली, "हो. जा तुम्ही. हो म्हणते मी. हो."

आख्यान सुरूच राहिलं.

महिपतराव हळूच बोलले, "वहिनी, आता विचारणाराच राहिला नाही. हो कुणाला सांगणार?"

चौकीदार गेला. दार मात्र बंदच राहिलं.

मी हरले नव्हते अजून. माझी श्रद्धा होती, आहे. देवळातल्या एका जुन्या, अधिकारी बुवांना मी त्या खोलीत कीर्तनाला उभं केलं. तेच आख्यान लावायला सांगितलं. म्हटलं, दुसऱ्याच्या मुखाने का होईना, एकदा पुरं होऊ दे. बुवा छान रंगले. देव दारात आला. म्हणाला, चल. आणि भक्त म्हणतो...

बुवांचं तोंड उघडं राहिलं.

शब्द आठवेना. आयुष्यभर सांगितलेलं आख्यान. कपाळावर हात फिरवत राहिले. मग कीर्तनाच्या जागेवरच मटकन खाली बसले. त्यांना हाताला धरून जिना उतरवावा लागला. त्यांनी ते आख्यान पुन्हा कधी लावलं नाही.

शामला त्यापुढच्या हिवाळ्यात गेली. आजार म्हणावा असा नव्हता. कंप्यूटरपुढे जमिनीवर बसलेली सापडली. त्या दोन पावलांच्या जागेवर तळहात टेकलेले. शेवटच्या दिवसांत माझ्याशी एवढंच बोलायची, ते एकटे उभे आहेत, ताई.

खोल्या सोडाव्या लागल्या. घरमालकाला दुसरा भाडेकरू मिळाला. कंप्यूटर कुणी घेईना. भंगारात द्यायला माझा हात धजला नाही. मी तो टोपी बाजारातल्या आमच्या घरी आणला, आतल्या खोलीत ठेवला, वर चादर घातली. वायर जोडलेली नाही. फोनची तार नाही. आज त्याला किती वर्षं झाली, नवराही गेला माझा. शामलाची पेटी त्याच खोलीत आहे. तिचा भाता उंदरांनी कधीच कुरतडला आहे.

रोज संध्याकाळी दिवा लावला की आत नमन सुरू होतं.

मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहते. आरती मला पाठ आहे. पण आख्यान संपल्याशिवाय आरती म्हणायची कशी? ते संपत नाही. तबकातला कापूर जळून जातो.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. सवय होते माणसाला.

पण गेल्या काही दिवसांपासून आवाज सुधारला आहे. वरचा सूर लागतो. श्वास पुरतो. मला आधी आनंद झाला. मग लक्षात आलं, सुराला आधार आला आहे. मी कान देऊन ऐकलं...

पेटी वाजते आहे.

शामलाचा हात मी झोपेतही ओळखेन. एक पट्टी ती नेहमी किंचित उशिरा दाबायची. ती तशीच उशिरा येते.

म्हणजे तीही तिथेच. तिलाही कुणी हो म्हटलेलं नाही.

आज सकाळी केर काढायला आत गेले. चादरीपुढची फरशी पायाला लागली. दोन पावलांची जागा ऊन होती. तिच्या डावीकडे, पेटीपाशी, मांडी घातलेल्या माणसाएवढी जागा ऊन होती.

आणि समोर, जिथे श्रोते बसतात तिथे, एकच जागा...

ती अजून गार आहे.

दिवा लावून झाला आहे. आत नमन सुरू झालं. आवाज फार गोड लागला आहे आज. मी दारातच बसून लिहिते आहे. जरा आत सरकून बसले तर नीट ऐकू येईल, असं सारखं मनात येतं.

आणि कीर्तनातून अर्ध्यावर उठायचं मला कधी जमलेलं नाही.